रोज रात्री घरच्या सॉकेटवर, की आठवड्यातून दोनदा फास्ट चार्जरवर?

इलेक्ट्रिक गाडी ठरली, बुकिंग झालं, रंगावरून घरात वादही घालून झाले, की पुढचा प्रश्न सवयीचा येतो. सोसायटीच्या मागे लागून पार्किंगमध्ये पॉइंट ओढून घ्यायचा आणि रोज रात्री गाडी लावून झोपायचं? की त्या भानगडीत न पडता आठवड्यातून दोनदा बाहेरच्या फास्ट चार्जरवर जाऊन यायचं? मी दोन्ही केलंय. सोसायटीची परवानगी रखडली होती तोवर बाहेर, मिळाल्यावर घरी. गाडी तीच, रस्ता तोच: सिंहगड रोडवरून हिंजवडी आणि परत, चाळीसेक किलोमीटर. बॅटरी साधारण ४० युनिटची, आणि एलएफपी म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारातली. ही शेवटची गोष्ट डोक्यात ठेवा, माझा निर्णय तिच्यामुळे झाला.

पैशांचं आधी उरकून घेऊ, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. महिन्याला हजार किलोमीटर आणि युनिटला सात किलोमीटर धरले तर बॅटरीत १४० ते १४५ युनिट जायला हवेत. घरी चार्ज करताना दहा-पंधरा टक्के वाटेत जातात, म्हणजे मीटरवर १६०-१६५. आता घरचा वापर आधीच दीडशेचा असेल तर बेरीज ३०० च्या वर जाते आणि महावितरणच्या ३०१ ते ५०० च्या टप्प्यात शिरते. गाडीचं एकही युनिट पहिल्या शंभराच्या स्वस्त दरात बसत नाही, तीनशेपर्यंतची मधल्या दराने आणि त्यापुढची त्याहून महाग पडतात, त्यामुळे ‘घरी चार्जिंग म्हणजे फुकटात’ ही समजूत पहिल्या बिलाला उतरते. बाहेर युनिटला वीस रुपयांच्या आगेमागे जातात, त्यात १८ टक्के जीएसटी आला. पण तिथे लाइनमधल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी करताना जी वीज वाया जाते ती बहुतेक चार्जरवाल्याच्या खात्यात जाते, तुम्ही गनमधून, म्हणजे गाडीत खुपसायच्या केबलच्या टोकातून, निघालेल्या युनिटचेच पैसे देता. म्हणून घरच्याच मीटरवर गाडी लावणार असाल तर दोन्हींतलं अंतर लोक सांगतात तेवढं नसतं. ईव्हीसाठी वेगळं मीटर घेतलं की टप्प्यांचा प्रश्न मिटतो आणि घरचं पारडं स्पष्टपणे जड होतं. मी वेगळं मीटर घेतलं. कागदपत्रांचा थोडा त्रास झाला, पण तो एकदाच.

वेळेचं म्हणाल तर फास्ट चार्जर अगदीच वाईट नाही. फक्त पाटीवरच्या आकड्यावर जाऊ नका. ६० किलोवॅट लिहिलेल्या बऱ्याच चार्जरना दोन गन असतात, आणि शेजारी दुसरी गाडी लागली की तुमच्या वाट्याला तीस येतात. २० ते ८० टक्के म्हणजे माझ्या गाडीत २४ युनिट, त्याला पाऊण तास. त्या पाऊण तासात मी चहा घ्यायचो, मेल बघायचो, आणि कुणी मला काम सांगू शकायचं नाही. खरं सांगायचं तर त्या वेळेची आता कधीकधी आठवण येते. ॲपचा वैताग मात्र वेगळा. प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं, प्रत्येकाचं वॉलेट निराळं, आणि त्यात तुमचे शे-दोनशे रुपये पडून.

पण यातल्या कशानेही मी बाहेरचं चार्जिंग सोडलं नसतं. सोडलं ते शेवटच्या वीस टक्क्यांमुळे.

एलएफपी बॅटरीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. तीस टक्क्यांना आणि सत्तर टक्क्यांना त्यात इतका कमी फरक असतो की नुसतं व्होल्टेज बघून बॅटरी किती भरलीय हे गाडीला नीट कळत नाही. म्हणून ती आत किती करंट गेला, बाहेर किती आला याचा हिशेब ठेवत राहते. प्रत्येक फेरीत त्या हिशेबात थोडी चूक साठते. बॅटरी पूर्ण भरते तेव्हा व्होल्टेज झपकन वर चढतं, तिथे गाडीला पक्की खूण मिळते आणि हिशेब पुन्हा जुळतो. बॅटरीतले छोटे छोटे सेल एकमेकांच्या बरोबरीने आणायचं (बॅलन्स करायचं) कामही बहुतेक तिथेच, अगदी वरच्या टोकाला होतं. म्हणूनच एलएफपीवाल्या गाड्यांना अधूनमधून सावकाश १०० टक्के चार्ज करा असं सांगतात.

आता हे फास्ट चार्जरवर करून बघा. ८० नंतर वेग घसरतो, नव्वदीच्या पुढे तर गाडी अक्षरशः थेंब थेंब घेते. वीसवरून ऐंशीपर्यंत जायला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच पुन्हा. आणि मागे टॅक्सी उभी असते. पुण्यात काय, मुंबईत काय, चार्जरवर सगळ्यात जास्त दिसतात त्या इलेक्ट्रिक टॅक्सी. त्या ड्रायव्हरचा धंदा अडलेला असतो. तो उतरून स्क्रीनमध्ये डोकावतो, ९१ टक्के बघतो आणि अगदी सौम्यपणे विचारतो, “साहेब, अजून किती?” यावर काय उत्तर देणार? ‘सेल बॅलन्स होतायत, थांबा’? मी गन काढून द्यायचो. दर वेळी. कधी ८३ वर, कधी ८८ वर.

त्याचा परिणाम रस्त्यावर दिसायला लागला. टक्क्याच्या आकड्यावरचा भरवसा गेला. एका संध्याकाळी वाकडच्या पुलाजवळ २२ टक्के होते, म्हणजे घरी पोचून उरतील इतके. चांदणी चौक चढून पलीकडे उतरलो आणि आकडा एकदम अकरावर आला. गाडी बंद पडली नाही, घरी व्यवस्थित पोचलो, पण एसी बंद करून आणि डोळे त्या आकड्यावर ठेवून. त्यातले बरेचसे टक्के काही गळून गेले नव्हते, मुळात नव्हतेच. रेंज कमी असलेली परवडते, कारण तसं वागता येतं. रेंज किती आहे हेच माहीत नसेल तर काय करणार?

घरी पॉइंट आल्यापासून शनिवारी रात्री १०० पर्यंत लावतो. रविवारी सकाळी आकडा १०० दिसला तरी लगेच काढत नाही. चार्जर अजून मिणमिणता करंट देत असतो, मधूनच रिलेची टिकटिक ऐकू येते, दिवा लुकलुकायचा थांबला की मगच केबल गुंडाळतो. मागे कुणी उभं नसतं. बाकीचे दिवस ८० च्या आसपास थांबवतो. १५ अँपिअरवर तासाला सहा-सात टक्के चढतात आणि माझं रोजचं जाणं-येणं पंधरा टक्क्यांचं. म्हणजे अडीच तासांत काम होतं. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर, मला तरी लागला नाही. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर असतील तर लागेल, नाहीतर तो पैसा चांगल्या वायरिंगवर घाला.

याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. रोज सकाळी गाडी त्याच आकड्यावरून निघते, त्यामुळे रेंज कशाने बदलते ते दिसायला लागतं. बाहेर चार्ज करायचो तेव्हा सोमवार ८३ वरून, मंगळवार ६७ वरून, काही ताळमेळच लागायचा नाही. आता संध्याकाळी ६५ ऐवजी ६१ उरले की कारण शोधता येतं. हिंजवडीच्या कोंडीत एसी लावून तासभर अडकलात की एक युनिट जातं, म्हणजे सात किलोमीटर. कोंडीचा रेंजवर होणारा खरा परिणाम हाच. गाडी हळू चालल्याने काही बिघडत नाही, उलट बरंच. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आणि काचेवर वाफ, दोन्हींची किंमत मोजावी लागते. टायरमधली हवा उतरली असेल तर तीही अशीच टक्क्यांतून कळते, पंपावर जाण्याआधी.

लांबच्या प्रवासात मात्र घरचा पॉइंट फक्त निघताना कामाचा. एक्स्प्रेसवेला ८० ऐवजी १०० ने गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो आणि रेंज डोळ्यांदेखत उतरते. मुंबईहून येताना खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटर चढ आहे. माणसांसकट पावणेदोन-दोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला नुसत्या चढाचे तीनेक युनिट लागतात, म्हणजे सपाटीवरचे वीस किलोमीटर. जाताना उताराला त्यातले बरेचसे परत मिळतात, सगळे नाही. म्हणून जाण्याची रेंज येण्याला धरू नका. महाबळेश्वर-पाचगणीला हॉटेलात चार्जिंग मिळालं तर निघताना १०० करायचा मोह टाळा. भरलेल्या बॅटरीला उतारावरची वीज घ्यायला जागाच नसते. मग अख्खा पसरणी घाट ब्रेकवर उतरावा लागतो. नव्वदवर निघा, वाईला पोचेपर्यंत बघा काय होतं ते.

बॅटरीच्या आयुष्याबद्दल मी जपूनच बोलेन. फास्ट चार्जिंगने बॅटरी मरते असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील, पण त्याच टॅक्सी रोज फास्ट चार्जरवर लागतात आणि पळतात. उष्णता वाईट, एवढं नक्की. मे महिन्यात दुपारी रस्त्यावरून तापून आलेली गाडी थेट फास्ट चार्जरला लावली की बॅटरी थंड ठेवायला पंखे जे घोंघावतात ते ऐकून मला बरं वाटत नसे. रात्री अकराला, गाडी निवल्यावर, तीन किलोवॅटने भरताना आवाजच येत नाही. हे काही मोजमाप नाही, पण मला पटतं.

एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट बॅटरीची गाडी असेल तर माझा मुख्य मुद्दा तुम्हाला निम्माच लागू होतो. तिचं व्होल्टेज भरत जाईल तसं चढत जातं, त्यामुळे टक्क्यांचा अंदाज इतका भरकटत नाही, आणि तिला रोज १०० करायचंही नसतं. ८० वर थांबा, प्रवासाच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरा. अशा गाडीला आठवड्यातून दोनदा २० ते ८० ही पद्धत चांगली मानवते, टॅक्सीवाल्यालाही तुमचा राग येत नाही. तेव्हा घेताना बॅटरी कुठल्या प्रकारची हे विचारून घ्या. सेल्समनला माहीत नसेल तर मॅन्युअलमध्ये ‘आठवड्यातून एकदा पूर्ण चार्ज करा’ अशा अर्थाचं वाक्य आहे का बघा, असेल तर बहुधा एलएफपी.

बाहेरचंच चार्जिंग ज्यांना सोयीचं, असेही लोक आहेत. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतीत राहून रात्री गाडी रस्त्यावर लावणाऱ्याला घरच्या पॉइंटचा सल्ला देण्यात अर्थ नाही. ऑफिसात सावकाश भरणारा एसी चार्जर असेल तर तो घरच्या इतकाच चांगला. दिवसभर गाडी तिथेच उभी असते, आठवड्यातून एकदा १०० तिथेही होऊ शकतं, फक्त इतरांची रांग नसावी.

घरी करायचं ठरवलं तर सोसायटीशी भांडायच्या आधी एवढं माहीत असू द्या की घरी आपल्या सध्याच्या जोडणीवर गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे. सेक्रेटरीची खरी भीती आगीची आणि सामाईक मीटरवर बिल पडण्याची असते. केबल आपल्या मीटरवरून ओढणार, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवणार, हे लेखी दिलं की आमच्याकडचा विरोध बराच मावळला. अर्थिंग तपासूनच घ्या, नाहीतर पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवून बसतो आणि इलेक्ट्रिशियन म्हणतो गाडी खराब आहे. साध्या तीन पिनांच्या सॉकेटऐवजी निळा इंडस्ट्रियल सॉकेट लावा. माझ्याकडे आधी साधा होता. तासभर चार्जिंग झाल्यावर प्लगला हात लावला तर चांगला गरम लागायचा. निळा बसवल्यापासून कोमटच्या वर जात नाही. वायर तांब्याची, ४ चौरस मिलिमीटर, आणि मीटरपासून पार्किंग लांब असेल तर ६. भाड्याच्या घरात असाल तर खर्च कोणाचा आणि सोडताना केबल कोणाची, हे घरमालकाशी आधीच बोलून घ्या.