जीपीकडे ‘केअरर’ म्हणून नोंद केली, त्याला अकरा महिने झाले

गेल्या मंगळवारी सर्जरीत, म्हणजे आमच्या जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यात, फोन लावला. मी नाव सांगितल्याबरोबर रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, “मिस्टरांबद्दल ना? सांगा.” एवढंच. पण हे ऐकायला मला जवळजवळ वर्ष लागलं, म्हणून सविस्तर लिहितेय. इंग्लंडमध्ये घरी आजारी माणसाचं करणाऱ्या (इथे त्यांना ‘केअरर’ म्हणतात) आपल्या लोकांना उपयोग होईल.

ह्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, फक्त शब्द येत नाहीत. नोंदणीचा फॉर्म एका पानाचा होता. मग पोस्टाने पत्रकांचा गठ्ठा आला, त्यानंतर दोन महिने काहीच नाही. फुकटात मिळाली ती फ्लूची लस. मी तेव्हा दोघीतिघींना सांगितलंही, की यात काही दम नाही, वेळ घालवू नका.

जानेवारीत ह्यांना ताप आला, छाती भरली. सकाळी आठला फोन, रांगेत सतरावा नंबर. आठ म्हणजे ह्यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायची वेळ, त्यामुळे एका हाताने ह्यांना धरलेलं आणि फोन स्पीकरवर. अखेर नंबर लागला तर उत्तर आलं, “त्यांच्या परवानगीशिवाय तुमच्याशी बोलता येणार नाही. त्यांना फोन द्या, नुसतं हो म्हणू दे.” मी सांगितलं, बोलता येत नाही. तरी तेच. शेवटी फोन कानाला लावला. ह्यांनी खूप जोर केला, “आ... आ...” एवढंच निघालं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ते मी विसरणार नाही.

नंतर चौकशी केली तेव्हा खरी गोम कळली. ‘केअरर’ ही नोंद होती माझ्या फाइलमध्ये. ह्यांच्या फाइलमध्ये माझं नावच नव्हतं, आणि ह्यांच्यासाठी फोन केला की उघडते ह्यांची फाइल! म्हणून कळकळीने सांगते, नोंद दोन्हीकडे करून घ्या आणि माहिती द्यायच्या संमतीचा फॉर्म वेगळा मागून घ्या. आपण होऊन कोणी देत नाही. घरी स्मृतिभ्रंश असेल तर माणसाला समजतंय तोवरच सही घ्या. ह्यांनी डाव्या हाताने सही केली, अक्षरं तिरकी वर चढत गेली, पण केली.

त्यानंतर माझं मत बदललं, हे प्रामाणिकपणे कबूल करते. आता अपॉइंटमेंट अकरानंतरची देतात. सर्जरीतल्या केअरर्सचं काम बघणाऱ्या बाईंनी एकदा ह्यांचं सोडून माझी चौकशी केली, बीपी तपासलं. ते वाढलेलं निघालं, गोळी सुरू झाली. नाहीतर मी स्वतःसाठी कधीच गेले नसते.

पैशांची अपेक्षा मात्र सर्जरीकडून ठेवू नका. केअरर्स अलाउन्स हा भत्ता सरकारकडून मिळतो, अर्ज आपणच करायचा. २०२५-२६ मध्ये दर आठवड्याला ८३.३० पाउंड होता, आणि अट आठवड्याला किमान ३५ तास करण्याची. भागाकार करा, तासाला २ पाउंड ३८ पेन्स पडले. त्यात कर वगैरे वजा जाता कमाई ठरलेल्या मर्यादेच्या (२०२५-२६ मध्ये आठवड्याला १९६ पाउंड) वर गेली की तेही नाही. मी चार दिवस नोकरी करते, मला शून्य. हा राग माझा जात नाही.

सर्जरीने कौन्सिलकडे (इथल्या पालिकेकडे) नाव मात्र पाठवलं. केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे केअररचं स्वतंत्र असेसमेंट (आपल्याला काय मदत हवी याची पाहणी) मागायचा आपला हक्क आहे. नऊ आठवडे लागले, पण गुरुवारी तीन तास एक बाई ह्यांच्याजवळ बसायला येतात. पहिल्या गुरुवारी मी घरातच झोपले.

अजून एक त्रास शिल्लक आहे. सर्जरीतली ही नोंद आमच्या फार्मसीला दिसत नाही. औषध बदललं तेव्हा तिथे पुन्हा तोच प्रश्न आला, “त्यांना फोन देता का?” तिथेही सही नेऊन दिली.