मुरबाड–कर्जत रस्त्यासाठी तीन टोपोशीट

मुंबईत बसून एखाद्या आडवळणाच्या राज्य महामार्गाचा इतिहास शोधायचा, तर पुस्तकांच्या आधी सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे टोपोशीट, म्हणजे रस्ते, गावे आणि डोंगरांचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशाचा एक कागद, समोर ठेवावे. एवढ्या कमी खर्चात रस्त्याबद्दल इतके खात्रीचे सांगणारे दुसरे साधन आमच्या पाहण्यात नाही. पण ते वाचायची सवय लागते, आणि छापतानाच गफलत झाली तर पुढची सगळी मापे चुकतात.

मुरबाड–म्हसा–काशेळे–कर्जत हा रस्ता घ्या. दोन तालुक्यांची गावे जोडणारा हा छोटा रस्ता, तरी त्याला तीन शीट लागतात. मुरबाड येते ४७ ई/७ मध्ये, तेही अगदी तळाच्या कडेला. म्हसा ४७ ई/८ मध्ये, कर्जत ४७ एफ/५ मध्ये. एका शीटमध्ये १५ मिनिटे अक्षांश आणि १५ मिनिटे रेखांश, म्हणजे आपल्याकडे साधारण २७.७ बाय २६.३ किलोमीटर मुलूख मावतो. नुसते मुरबाडचे शीट आणले तर दक्षिणेकडे निघालेला रस्ता लगेच कागदाबाहेर जातो. हे क्रमांक जुन्या पद्धतीचे आहेत. २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेल्या ओपन सीरिजचे, म्हणजे सर्वांसाठी खुल्या नकाशांचे, क्रमांक वेगळे, म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर क्रमांकापेक्षा जागा पाहून शीट निवडणे बरे. नोंदणी केली की पीडीएफ मोफत उतरवता येते.

छपाईत सर्वांत जास्त माती होते. नकाशाचा भागच सुमारे ५५ बाय ५३ सेंटिमीटर, त्यात समास आणि चिन्हांची सूची. ए३ वर तर नाहीच, ए२ वरही मावत नाही. ए१ कागद घ्या आणि जिथे आर्किटेक्ट लोक ड्रॉइंग काढतात अशा प्लॉटरच्या दुकानात जा. ‘फिट टु पेज’ नको, ‘ॲक्च्युअल साइज’ असे स्पष्ट सांगा. पैसे देण्याआधी पट्टी लावा: खालच्या मोजपट्टीवरचा १ किलोमीटर बरोबर २ सेंटिमीटर भरला पाहिजे. प्रिंट रंगीतच हवी. रस्ते लाल, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) तपकिरी. काळ्या-पांढऱ्यात डोंगराच्या उतारावरची पायवाट आणि समोच्च रेषा एकमेकींत हरवतात.

आता वाचन. खालच्या सूचीत पक्का रस्ता, कच्चा रस्ता, गाडीवाट, ‘पॅक-ट्रॅक’ आणि पायवाट यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. पॅक-ट्रॅक म्हणजे जनावराच्या पाठीवर माल लादून नेण्याची वाट. एकाच रस्त्याची जुनी एक इंच-एक मैल मापाची आवृत्ती आणि नंतरची मेट्रिक आवृत्ती शेजारी ठेवली, की गाडीवाटेचा रस्ता कोणत्या टप्प्यात झाला ते डोळ्यांना दिसते. मात्र पाहायचे ते सर्वेक्षणाचे वर्ष, छपाईचे नव्हे. दोन्ही समासात असतात आणि त्यांत बरीच वर्षे जाऊ शकतात. छपाईचे वर्ष धरून ‘तेव्हा रस्ता नव्हता’ असे लिहिणारे इथेच फसतात.

पक्क्या रस्त्याच्या कडेने बारीक आकडे दिसतात, ते अंतराच्या दगडांचे. ते कुठून सुरू होतात ते शोधा. रस्ता कोणत्या गावापासून मोजला जात होता ते त्यावरून कळते. जुन्या शीटवर मैल, नव्यावर किलोमीटर. प्रत्यक्ष रस्त्यावर राज्य महामार्गाच्या दगडाचा माथा हिरवा आणि राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा असतो, त्यामुळे वर्गवारी बदलली की दगडाचा रंगही बदलतो.

जुने शीट स्कॅन करून उपग्रह-नकाशावर ठेवाल तर रस्ता शंभर मीटरच्या आसपास सरकलेला दिसेल. रस्ता हललेला नसतो. अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी पृथ्वीचा जो आकार धरतात, तो दोन्हींत वेगळा: जुनी शीट एव्हरेस्ट आधारावर, नवी डब्ल्यूजीएस-८४ वर. आधी रूपांतर करून घ्या.

रस्ता का झाला, हे मात्र नकाशा सांगत नाही. म्हशाची पौषातली यात्रा आणि तिचा गुरांचा बाजार, काशेळ्याहून खांडसकडे जाणारा फाटा आणि तिथून शिडी घाट, गणेश घाटाने भीमाशंकरला चढणाऱ्या वाटा, हे सगळे नकाशावर दिसते, पण त्याचा अर्थ लावायला गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेले जिल्ह्याच्या माहितीचे खंड, लागते. कर्जतसाठी लोक १८८३ चा कुलाबा जिल्ह्याचा (आजचा रायगड) खंड उघडतात आणि हात हलवत परत येतात. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाण्यात होता, म्हणून मुरबाड आणि कर्जत दोन्ही १८८२ च्या ठाणे खंडांत, तेरावा आणि चौदावा. टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात ते पाहता येतात.

‘राज्य महामार्ग’ हा शब्द त्या खंडांत शोधू नका. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि ग्राम अशी वर्गवारी १९४३ च्या नागपूर योजनेतली, म्हणजे देशभरच्या रस्त्यांसाठी नागपुरात आखलेल्या योजनेतली. त्याआधीची कागदपत्रे हवी असतील तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले पुराभिलेखागार, म्हणजे सरकारी जुन्या कागदांचे भांडार. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्याचे दप्तर वर्ष, खंड आणि कंपायलेशन (एका विषयाच्या कागदांचा गठ्ठा) क्रमांकाने लावलेले आहे. सूचीत रस्त्याचे आजचे नाव सापडत नाही. दोन टोकांच्या गावांची नावे जुन्या इंग्रजी स्पेलिंगने शोधावी लागतात, आणि ते स्पेलिंग जुन्या शीटवरच मिळते.