नोकरी सांभाळून फायनान्सचा एमबीए: १६ महिन्यांनंतर

मी भोसरीत एका मशीन शॉपमध्ये आठ वर्षं अकाउंट्स बघते. शाळा मराठी माध्यमाची, बी.कॉम. बार्शीला झालं. जुलै २०२४ मध्ये नोकरदारांसाठीच्या शनिवार-रविवारच्या एमबीएला प्रवेश घेतला, विषय फायनान्स. तिसऱ्या सत्राची परीक्षा नुकतीच संपली. ऑफिसातल्या आणि नात्यातल्या पाच-सहा जणींनी 'घ्यावा का गं?' असं विचारलंय, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

हाताशी एखाद्या चालत्या धंद्याची खाती असतील, तर जरूर घ्यावा. नुसत्या पुस्तकावर काढायचा असेल, तर दोन वर्षं आणि फीचे पैसे घालण्याआधी पुन्हा विचार करावा. माझ्या वर्गात दोन्ही प्रकारचे लोक आहेत. जो धडा मला दुसऱ्या दिवशी टॅलीत दिसायचा, तोच शेजारच्या बाकावरच्या मुलीला फक्त पाठ करावा लागायचा. हुशारीत ती माझ्यापेक्षा कांकणभर सरसच आहे.

पहिलं सत्र जड गेलं. इंग्रजीची अडचण चार आठवड्यांत सुटली, पण विचाराची सवय बदलायला वेळ लागला. आठ वर्षं मी झालेला व्यवहार नोंदवत होते. इथे पुढच्या पाच वर्षांचा पैसा आजच्या भावात आणायचा होता. आम्ही चौघी कँटीनमध्ये बसून प्रत्येक संकल्पना मराठीत बोलून बघायचो. 'कॉस्ट ऑफ इक्विटी' वर्गात तीनदा ऐकूनही कळलं नव्हतं. मग एकीने विचारलं, "तुझ्या साहेबांनी धंद्यात घातलेला घरचा पैसा बिनव्याजी आहे का? तोच दुसरीकडे लावला असता तर काय मिळालं असतं?" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. त्या पैशाचं बिल कोणी पाठवत नाही, म्हणून तो ताळेबंदात फुकटचा दिसतो.

ही समज पुढे एका व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, धातू कापायच्या) मशीनच्या वेळी उपयोगी पडली. मशीन ३८ लाखांचं. कर जाऊन दरवर्षी साधारण ११ लाख हातात राहतील, आयुष्य पाच वर्षं धरायचं, असा अंदाज होता. साहेबांचा हिशोब सरळ होता: बँक १०.५ टक्क्यांनी कर्ज देते, तर तोच दर धरा. त्या दराने एनपीव्ही, म्हणजे पुढचा सगळा पैसा आजच्या भावात आणून त्यातून मशीनची किंमत वजा केल्यावर उरतं ते, ३.१७ लाख येतो. पण मशीनमागे नुसती बँक नसते, साहेबांचं भांडवलही असतं. आमची कंपनी शेअर बाजारात नाही, त्यामुळे तिचा बीटा (बाजाराच्या मानाने शेअर किती वरखाली होतो तो आकडा) कुठे मिळणार? वर्गात शिकवलेली पद्धत वापरली. बाजारात असलेल्या, आमच्यासारखाच माल बनवणाऱ्या कंपन्यांचा बीटा १.२ धरला, त्यांच्या कर्जाचा परिणाम काढून टाकला, मग आमच्या कर्जाचा घातला. तो १.६६ झाला. सरकारी रोख्याचा दर तेव्हा साधारण ७ टक्के होता आणि बाजाराच्या जोखमीपोटी मिळायचा जादा परतावा मी ६ टक्के धरला. ७ अधिक १.६६ गुणिले ६, म्हणजे भागभांडवलाची किंमत (तीच कॉस्ट ऑफ इक्विटी) जवळपास १७ टक्के आली, आणि कर्जासकट सरासरी १२. या दराने एनपीव्ही उरला १.६५ लाख, म्हणजे जवळजवळ निम्मा. मशीन घेतलंच, पण दुसरी पाळी भरेल इतक्या कामाची ऑर्डर हातात आल्यावर. त्यासाठी साहेब तीन महिने थांबले.

याच मशीनच्या हिशोबात एक चूक झाली, ती सांगते, कारण आमच्या वर्गातल्या निम्म्या जणांनी केली होती. एक्सेलमधलं एनपीव्ही हे फंक्शन पहिली रक्कम आजची न मानता वर्षअखेरची मानतं. मशीनचे ३८ लाख त्याच ओळीत धरून फंक्शन लावलं, तर १.६५ च्या जागी १.४८ लाख येतात. अख्खं उत्तर १.१२ ने भागलं जातं. होकार-नकार बदलत नाही, म्हणूनच चूक सापडत नाही. सुरुवातीचा खर्च कंसाबाहेर ठेवून वेगळा वजा करायचा.

आता माझी मुख्य तक्रार. या विषयात छोट्या कारखान्याच्या सर्वात कामाचा भाग म्हणजे खेळतं भांडवल (रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा), आणि तोच सगळ्यात घाईत उरकला गेला. भांडवल रचनेला (कर्ज किती, स्वतःचा पैसा किती) चार आठवडे मिळाले, खेळत्या भांडवलाला सत्राच्या शेवटी दोन तास. मधेच शिकवणारे सर बदलले, नवे सर आले तेव्हा परीक्षा तोंडावर होती. भांडवल रचना नको, असं मी म्हणणार नाही. मोदिग्लियानी आणि मिलर यांनी १९५८ मध्ये मांडलं की कर नाही, दिवाळखोरीचा खर्च नाही, अशा आदर्श बाजारात कर्ज किती आणि स्वतःचे किती यावर कंपनीचं मूल्य ठरत नाही. १९६३ मध्ये त्यांनीच कराची बाजू दुरुस्त केली. हे मी मनापासून शिकले. पण पिंपरी-चिंचवडमधल्या लघुउद्योगाला रात्री झोप लागत नाही ती पगाराच्या तारखेला सीसी (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या) खात्यात किती उरलंय या चिंतेने.

त्या दोन तासांत जे मिळालं, त्यावर मी पुढचे सहा महिने काम केलं. आमची विक्री वर्षाला ६ कोटींच्या आसपास. स्टॉक ४८ दिवस, गिऱ्हाइकांकडची येणी (बिलाचे पैसे यायला लागणारा वेळ) ९२ दिवस, आपण पुरवठादारांना थांबवतो ३५ दिवस. म्हणजे पैसा १०५ दिवस अडकून राहतो. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या सूत्राप्रमाणे छोट्या उद्योगाची खेळत्या भांडवलाची गरज विक्रीच्या २५ टक्के धरतात, त्यातले विक्रीच्या २० टक्के बँक देते आणि ५ टक्के मालकाने घालायचे. आमच्यासाठी १.२ कोटी बँकेचे, ३० लाख आपले. २५ टक्के म्हणजे वर्षाचा पाव भाग, सुमारे ९१ दिवस. आमचं चक्र १०५ दिवसांचं. सीसीचं लिमिट (कर्जाची मर्यादा) दर महिन्याला अपुरं का पडतं, याचं उत्तर एका वजाबाकीत होतं आणि आठ वर्षांत मला ते दिसलं नव्हतं.

करंट रेशो (चालू मालमत्ता, म्हणजे स्टॉक, येणी वगैरे, भागिले चालू देणी) १.३३ हवा, हा बँकेचा आग्रहही असाच उलगडला. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये टंडन समिती नेमली होती. तिच्या दुसऱ्या पद्धतीत चालू मालमत्तेच्या २५ टक्के रक्कम दीर्घ मुदतीच्या पैशातून यायला हवी. १०० रुपयांच्या चालू मालमत्तेपैकी २५ आपले, तर चालू देणी ७५. शंभर भागिले पंचाहत्तर, १.३३. तोवर तो आकडा मी नुसता फॉर्ममध्ये भरत होते.

मग मी येण्यांचे ९२ दिवस उकलायला बसले. एका मोठ्या गिऱ्हाइकाची ६० बिलं काढली आणि प्रत्येकावर चार तारखा लिहिल्या: माल निघाला, तिकडे पोचला, बिल त्यांच्या सिस्टीमला चढलं, पैसे आले. पैसे ठरल्या मुदतीत येत होते, पण मुदत बिल चढल्यापासून मोजली जायची, आणि बिल चढायलाच सरासरी बारा-तेरा दिवस जात होते. कारण? मालासोबत तपासणी अहवाल जात नव्हता. तो क्वालिटीच्या टेबलावर सहीसाठी पडून राहायचा आणि नंतर वेगळा मेल व्हायचा. स्टोअरमधल्या काकांना सांगितलं, "काका, अहवालावर सही झाल्याशिवाय चलन फाडायचं नाही." पहिल्या महिन्यात गाड्या दोनदा खोळंबल्या, काका रागावलेही. पण पाच महिन्यांत येणी ९२ वरून ७७ दिवसांवर आली. एका दिवसाची विक्री १.६४ लाख, म्हणजे १५ दिवसांचे साडेचोवीस लाख मोकळे झाले. १०.५ टक्क्यांनी वर्षाचं व्याज अडीच लाखांहून जास्त होतं.

त्या मोकळ्या झालेल्या लिमिटचं काय करायचं, तेही वर्गातल्याच एका उदाहरणातून सुचलं. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं: दहा दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट, नाहीतर पूर्ण रक्कम तीसाव्या दिवशी. सूट सोडण्याची वार्षिक किंमत ३७ टक्के! आमचा स्टीलवाला गेली कित्येक वर्षं दहा दिवसांत २ टक्के सूट द्यायला तयार होता आणि आम्ही हौसेने ४५ दिवस घेत होतो. आमच्या बाबतीत ती किंमत निघाली २१ टक्क्यांहून जास्त. बँकेचा पैसा साडेदहाचा. महिन्याला १२ लाखांची खरेदी, सूट २४ हजार. ते पैसे ३५ दिवस आधी द्यायला सीसीचं व्याज लागतं ११,८४० रुपये. दरमहा १२ हजार शिल्लक. शिवाय ड्रॉइंग पॉवर (सीसीतून प्रत्यक्ष किती उचलता येईल तो आकडा) काढताना आमची बँक स्टॉकमधून क्रेडिटर्स (पुरवठादारांची देणी) वजा करून उरलेल्यावर २५ टक्के मार्जिन (मालकाचा वाटा) ठेवते, त्यामुळे १२ लाखांचं देणं भागलं की ड्रॉइंग पॉवर ९ लाखांनी वाढते. ही शेवटची गोष्ट कुठल्याच वर्गात शिकवली नाही, स्टॉक स्टेटमेंट भरता भरता लक्षात आली. साहेबांना कागद दाखवला त्या दिवशी त्यांनी स्टीलवाल्याला माझ्यासमोर फोन लावला.

परीक्षेबद्दल मात्र मी नाराज आहे. एनपीव्ही आजही हाताने, चार दशांशांचा तक्ता बघून सोडवायचा. निम्मे गुण सूत्र जसंच्या तसं लिहिण्याला. गिऱ्हाइकाने पैसे का थकवले, हे शोधणारा एकही प्रश्न तीन सत्रांत आला नाही. केस स्टडी बहुतेक परदेशी बड्या कंपन्यांच्या. त्यातल्या कुणालाच १०५ दिवसांचं चक्र आणि १.२ कोटींचं लिमिट ही अडचण नसते. आपल्याकडे २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात पैसे देण्याला ४५ दिवसांची मर्यादा आहे, आणि आयकराचं ४३बी(एच) कलम २०२३-२४ पासून लागू झालंय: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल त्याच वर्षी वजा मिळतो. म्हणून मार्च २०२४ मध्ये आमच्याकडे गिऱ्हाइकांनी उद्यम प्रमाणपत्रासाठी (लघुउद्योग असल्याचा सरकारी दाखला) रांग लावली होती. इतका जिवंत विषय वर्गात पाच मिनिटंही आला नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

वेळेचं सांगायचं तर रोज पहाटे ५ ते ७ अभ्यास, शनिवार-रविवार वर्ग. सकाळचे डबे या काळात सासूबाईंनी सांभाळले, त्याशिवाय हे जमलंच नसतं. घरात असा एक माणूस पाठीशी आहे का, हे प्रवेश अर्ज भरण्याआधी बघा.

घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून आपल्या कंपनीची तीन वर्षांची खाती एक्सेलमध्ये उतरवून ठेवा, मालकांची परवानगी घेऊन, आणि प्रत्येक धडा त्यावर चालवून बघा. दोन-तीन जणांचा मराठीत बोलणारा गट करा. खेळत्या भांडवलाचं प्रकरण वर्गाची वाट न बघता दिवाळीच्या सुट्टीतच वाचून टाका.

चौथ्या सत्रात प्रकल्प असतो. मी विषय मागितलाय ४३बी(एच) नंतर आमची येणी किती दिवसांनी बदलली हा. मार्गदर्शकांनी होकार दिला आहे, साहेबांनी चार वर्षांचा डेटा वापरायची लेखी परवानगी दिली आहे. सोमवारपासून बिलांवर पुन्हा चार तारखा लिहायला घेते, या वेळी सगळ्या गिऱ्हाइकांच्या.