मेटानोएओ की मेटामेलोमाई? ‘पश्चात्ताप करा’पाशी अडलेल्यांसाठी

बायबलमधल्या मत्तय ३:२ वर संदेश द्यायचाय आणि ‘पश्चात्ताप करा’ या दोन शब्दांपाशीच गाडी अडली आहे, अशांसाठी हे. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘मेटानोएओ’ हे क्रियापद आहे. त्याचं एक शेजारी क्रियापद आहे, ‘मेटामेलोमाई’. मराठीत आपण दोघांनाही पस्ताव्याच्याच खोलीत झोपवतो.

आधी फोड पाहू. दोन्हींत ‘मेटा’ आहे, म्हणजे नंतर, मागाहून. पण ‘नोएओ’ म्हणजे विचार करणं, उमजणं. आणि ‘मेलोमाई’ची नाळ जिवाला लागण्याशी, काळजी वाटण्याशी. आता आपला शब्द: पश्चात् अधिक ताप. ‘पश्चात्’ दोघांनाही चालतो, पण ‘ताप’? तो सरळ दुसऱ्याच्या घरचा. फोडीपुरतं बोलायचं तर आपण मुलगी चुकीच्या घरी दिली आहे.

नव्या करारात मेटानोएओ ३४ वेळा येतं, मेटामेलोमाई फक्त ६ वेळा. त्या सहांतला एक येशूला धरून देणारा यहूदा इस्कार्योत. मत्तय २७:३ मध्ये तो चांदीची तीस नाणी परत करतो, तिथे प्रचलित मराठी भाषांतरात तो ‘पस्तावला’. आणि पस्तावा म्हणजे तरी काय, वापरून गुळगुळीत झालेला पश्चात्तापच! मत्तय ३:२ मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीच्या काठी जे करा म्हणाला आणि यहूदाने जे केलं, त्यात मराठी कानाला अंतर उरतं ते एका जोडाक्षराचं.

इथून पुढे बरेच वक्ते घसरतात. ‘मेटामेलोमाई म्हणजे पोकळ रडणं, मेटानोएओ म्हणजे खरा बदल,’ असं छान दोन रकान्यांत मांडून मोकळे होतात. मीही एकदा मांडलं होतं. पण मत्तय २१:२९ मधला मुलगा बापाला आधी ‘जात नाही’ म्हणतो, मग द्राक्षमळ्यात जातो, आणि तिथे क्रियापद मेटामेलोमाई आहे. काम तर झालं! जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तर गंमतच. १ शमुवेल १५ मध्ये हिब्रू क्रियापद एकच, ‘नाहम’. ग्रीकमध्ये २९व्या वचनात त्याचं मेटानोएओ झालं, ३५व्यात मेटामेलोमाई. दोन्हीकडे विषय देवाचा. तेव्हा दोघांत पोलादी भिंत बांधू नका.

फरक मला दिसतो तो व्याकरणात. मेटानोएओ आज्ञार्थात येतं: ‘मेटानोएइते!’ मेटामेलोमाई नव्या करारात एकदाही आज्ञा म्हणून येत नाही. हे मराठीत लगेच कळतं. पश्चात्ताप आपल्याला ‘होतो’. शेजाऱ्याला ‘चला, पश्चात्ताप करा’ असं कुणी सांगत नाही. चर्चबाहेरच्या माणसाला ते खटकतंच.

मग पर्याय काय? ‘मन पालटा’ अर्थाला जवळचं, पण नुसत्या विचारावर थांबतं. लूक १०:१३ मध्ये याच क्रियापदासोबत गोणपाट आणि राख आहे, तिथे दुःख वगळून चालणार नाही. ‘मतपरिवर्तन’ निवडणुकीच्या दिवसांत तर नकोच. ‘मागे फिरा’ वापरलंत तर प्रेषितांची कृत्ये ३:१९ मध्ये पंचाईत होईल, कारण तिथे मेटानोएओ आणि वळण्याचं स्वतंत्र क्रियापद शेजारी शेजारी उभी आहेत. मला सगळ्यात आवडतं ते ‘भानावर या’. लॅटिन बायबलमधल्या जुन्या शब्दांचा अर्थ लोक ‘प्रायश्चित्त घ्या’ असा घेऊ लागले होते; डच विद्वान इरॅस्मसने आपल्या लॅटिन नव्या कराराच्या १५१९च्या आवृत्तीत त्याजागी जे क्रियापद घातलं, त्याचा अर्थ नेमका हाच.

तरीही वाचन करताना छापील ‘पश्चात्ताप करा’च वाचा, मंडळीला ते पाठ आहे, बदललंत तर लोक अर्थ सोडून शब्दच शोधत बसतील. समजावताना मत्तय ३:२ आणि ४:१७ ला ‘भानावर या’ म्हणा. लूक १७:४ ला मात्र हात लावू नका. तिथे भाऊ दिवसातून सात वेळा येऊन ‘मेटानोओ’ म्हणतो. ‘मी भानावर आलो’ हे सातव्यांदा ऐकताना मागच्या बाकावर हसू फुटेल. ‘मला पश्चात्ताप झाला’ बरोबर बसतं.

वेळ उरला तर लूक ३:१०–१४ वाचून दाखवा. लोक विचारतात, ‘मग आम्ही काय करावं?’ योहान रडा म्हणत नाही. दोन अंगरखे असतील तर एक देऊन टाका म्हणतो, आणि जकातदारांना ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो.