रिसिव्हरचं सेटिंग माईकवर सोडायचं का हातानं करायचं?

मागच्या रविवारी साताऱ्यातनं दाजींचा फोन आला. नवीन रिसिव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा डबा) आणलाय, डेननचा एक्स १७०० एच, आणि खोक्यातनं एक छोटा माईक आणि पुठ्ठ्याचा घडीचा स्टँड निघालाय. "ह्यानं आपोआप सगळं सेटिंग होतं म्हणतात, का तुझ्यासारखी मोजायची टेप धरून बसू दोन दिवस?" पाऊण तास बोललो तरी विषय संपेना, आणि हाच प्रश्न ह्या वर्षात मला तिसऱ्या माणसानं विचारलाय, म्हणून म्हटलं एकदा सगळं टाईप करूनच टाकावं.

आधी माझं सांगतो. मी सांगलीत, विश्रामबागला, हॉल पंधरा बाय अकरा, पाच स्पीकर आणि एक सबवूफर (नुसता खालचा बास वाजवणारा स्पीकर, पुढं नुसतं 'सब' म्हणतो), रिसिव्हर यामाहाचा. चार वर्षं सगळं हातानं सेट केलं आणि त्याची मिजासही केली, मग एकदा माईक लावून बघितला आणि अर्धी मिजास उतरली. अर्धी अजून आहे. दाजींचा हॉल अठरा बाय बारा, खाली गुळगुळीत टाईल्स, एका बाजूला अख्खी काच, पडदा नाही. म्हणजे टाळी वाजवली की टाळी परत येते.

तर माईक नेमकं काय करतो? रिसिव्हर एकेका स्पीकरमधनं ठराविक आवाज सोडतो, माईक तो ऐकतो, आणि त्यावरनं चार गोष्टी ठरतात: स्पीकर किती लांब आहे, किती मोठा वाजतोय, त्याला बास कुठवर झेपतो, आणि खोलीमुळं आवाजात कुठं फुगवटा आलाय कुठं खड्डा पडलाय. डेनन-मरांट्झमध्ये ह्याला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपाओ, सोनीत डीसीएसी, ऑन्कियोत अ‍ॅक्यूईक्यू. नावं वेगळी, धंदा एकच. फरक एवढाच की दाजींच्या मॉडेलमधला मल्टईक्यू एक्सटी (ऑडिसीचाच एक प्रकार) आठ जागांवर माईक ठेवून मोजतो, आणि यामाहाच्या साध्या मॉडेलात एकाच जागेवर मोजून काम संपतं. हातानं करायचं म्हणजे हेच चार आकडे तुम्ही टेपनं, मोबाईलच्या डेसिबल अ‍ॅपनं आणि कानानं काढायचे.

अंतरात दोघांचा सामना बरोबरीत सुटतो, फक्त एक गंमत आहे आणि तिथंच हातवाले फसतात. माझा सब सोफ्यापासनं टेपनं मोजला तर तीन मीटर दहा, आणि माईकनं सांगितलं चार मीटर साठ. मी म्हटलं बघा, म्हणे आपोआप! आणि गेलो आकडा दुरुस्त करायला. चूक माझीच होती. सबच्या आतल्या अँप्लिफायरला आणि फिल्टरला आवाज बाहेर काढायला काही मिलीसेकंद जास्त लागतात, आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दीड मीटर जास्त दाखवलं तर रिसिव्हर म्हणतोय की हा गडी चार-साडेचार मिलीसेकंद उशिरा पोचतो, त्याला धरून बाकीच्यांना थांबवतो. तो आकडा टेपच्या हिशेबानं चूक, पण कानाला बरोबर आहे. मी तो बदलून ठेवला आणि दोन महिने ढोल-ताशा कसा गिळगिळीत वाजतोय म्हणत स्पीकरला शिव्या घातल्या.

आवाजाची पातळी हातानं आरामात जमते. रिसिव्हरचा टेस्ट टोन लावायचा, मोबाईल बसायच्या जागी कानाच्या उंचीला धरायचा, सगळे स्पीकर ७५ डेसिबलला आणायचे. मोबाईल दोन डेसिबल खोटं बोलला तरी सगळ्यांबद्दल सारखंच खोटं बोलतो त्यामुळं बिघडत नाही. पण सब मोबाईलनं मोजू नका, मोबाईलच्या माईकला खालचा बास धड ऐकूच येत नाही, तो कमी दाखवणार आणि तुम्ही सब वाढवत बसणार.

आता जिथं माईक सपशेल हरतो ती जागा: क्रॉसओव्हर. म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज स्पीकरकडनं काढून सबला द्यायचा. बऱ्याच वेळा माईक लावल्यावर पुढचे दोन स्पीकर 'लार्ज' किंवा 'फुल बँड' (म्हणजे सगळा बास झेपणारे) म्हणून येतात, का तर मागची भिंत जवळ असली की पाच इंची वूफरचा बासही फुगून मोठा दिसतो. रिसिव्हर बिचारा आकडा बघतो, स्पीकरची तब्येत बघत नाही. पुढं काय होतं, सगळा खालचा बास त्या पाच इंची वूफरवर आणि रिसिव्हरच्या अँप्लिफायरवर पडतो आणि दहा इंची सब कोपऱ्यात नुसता सोंगटीसारखा बसून राहतो. हे हातानंच बदलायचं: सगळे स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. टीएचएक्सवाल्यांनी (सिनेमाच्या आवाजाचे नियम ठरवणारी कंपनी) ८० चा आकडा पूर्वीच ठरवून दिलाय आणि बहुतेक घरांत तो चालतो, स्पीकर अगदीच बारके असतील तर १००-१२० करा. एक लक्षात ठेवा, माईकनं जेवढा सांगितलाय त्याच्यापेक्षा क्रॉसओव्हर वर न्यायला हरकत नाही, खाली आणू नका, तिथल्या आवाजाची दुरुस्ती त्यानं केलेलीच नसते. आणि डेननमध्ये 'एलएफई + मेन' असा एक पर्याय दिसेल (एलएफई म्हणजे सिनेमातला खास सबसाठीचा वेगळा बास), ऐकायला भारी वाटतो, त्याच्या नादी लागू नका. 'एलएफई'च ठेवा. सबच्या मागची क्रॉसओव्हरची चावी फुल्ल फिरवून ठेवायची, नाहीतर दोन-दोन चाळण्या लागतात.

आणि जिथं हात सपशेल हरतो ती जागा म्हणजे बास. ह्यावर मी जरा बोलणार. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत एक ठराविक सूर अडकतो, लांबीच्या दुप्पट अंतरावरनं तो काढता येतो. माझ्या पंधरा फुटाला तो ३७ हर्ट्झच्या आसपास येतो, अकरा फुटाला ५१. दाजींच्या अठरा फुटाला ३१ आणि बाराला ४७. त्या सुरावर भिंतीला टेकून बसलेल्याला छातीत धडधडतं आणि हॉलच्या मधोमध बसलेल्याला काहीच ऐकू येत नाही, एकच सिनेमा एकच सेकंद. हे रिमोटवरच्या बास-ट्रेबलनं कसं सुटणार? ते बटण अख्ख्या बासला एकदम वर-खाली करतं, ३७ वरचा फुगवटा उतरवायला गेलं की ६० चा बिचारा फुकट मरतो. माईक मात्र बरोबर तेवढाच फुगवटा धरून दाबतो. मी चार वर्षं कानानं जे करत होतो ते त्यानं पाच मिनिटात केलं, राग आला पण खरं ते खरं.

खड्डा मात्र माईकलाही भरता येत नाही. जिथं दोन लाटा एकमेकींना मारतात तिथं कितीही वाढवा, तेवढंच मरतं. तिथं सोफा नाहीतर सब हलवायचा. मी सब उचलून सोफ्यावर बसायच्या जागी ठेवला, एकसारख्या बासचं एक गाणं लावलं आणि भिंतीकडेनं रांगत फिरलो. जिथं बास भरीव आणि सारखा ऐकू आला तिथं मग सब ठेवला, टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यापासनं दोन हात अलीकडं. आई स्वयंपाकघरातनं आली, मला रांगताना बघून म्हणाली काय हरवलंय रे? पण तो अर्धा तास सगळ्या मेनूपेक्षा कामाला आला, आणि माईक लावायच्या आधी करायचं काम आहे हे, नंतरचं नाही.

आमच्या मिरजेचा एक मित्र मात्र ऐकायला तयार नाही. म्हणतो, आमच्याकडं तंबोऱ्याची जवारी कानावर लावतात, २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते काय माईक लावून मिळालं का? खरंय लका. पण तो कारागीर पिढ्यान्‌पिढ्यांचा कान घेऊन बसलाय, वाद्य त्याच्या मांडीवर आहे, तीन मीटर लांब टीव्हीखाली नाही. तू आणि मी तुरीच्या डाळीला फोडणी बसली का हे कानानं ओळखतो, ४७ हर्ट्झ नाही.

वरच्या आवाजाचं म्हणाल तर तिथं तुमचा कान मालक. ऑडिसीत 'रेफरन्स' आणि 'फ्लॅट' असे दोन आहेत, रेफरन्समध्ये वरचा आवाज जरा मऊ होतो, फ्लॅटमध्ये उघडा राहतो. यामाहात 'फ्लॅट', 'फ्रंट', 'नॅचरल'. पुढचे स्पीकर तुम्ही हौसेनं घेतलेत आणि त्यांचा आवाज बदलायचा नाही तर 'फ्रंट', तो बाकीच्यांना त्यांच्यासारखं करतो. डेननमध्ये त्यासाठी 'एल/आर बायपास'. एकेक आठवडा ऐका आणि ठरवा, एका गाण्यावर ठरवू नका. दाजींच्या काचेच्या हॉलला मी रेफरन्सच सांगितलंय, आणि त्याच्याही आधी पडदा सांगितलाय.

माईक नीट लावला तरच हे सगळं. मागं एका ओळखीच्यांकडं दुकानातनं पोरगा आला होता बसवायला, पंखा फुल्ल चालू, माईक सोफ्याच्या पाठीवर उताणा टाकला, एकाच जागी मोजलं, चहा घेतला आणि गेला. सबची पातळी आली -१२, म्हणजे त्या रिसिव्हरमध्ये जेवढी कमी करता येते तेवढी. म्हणजे सबच्या आवाजाची चावी एवढी वर होती की रिसिव्हरनं खाली ओढून ओढून हात टेकले. असा टोकाचा आकडा आला की तो खरा धरू नका, सबच्या आवाजाची चावी थोडी कमी करा आणि परत मोजा. मोजताना पंखा बंद, एसी बंद, फ्रिज जवळ असेल तर तोही, आणि रात्री अकरानंतर करा, कारण दिवसा भाजीवाला आलाच. यामाहा गोंगाट असला तर 'ई-५ नॉइझी' म्हणून सरळ सांगतो. आणि 'डब्ल्यू-१' आला तर कुठल्यातरी स्पीकरची लाल-काळी वायर उलटी आहे का बघा. माझी होती, डाव्या मागच्या स्पीकरची, चार वर्षं, आणि मी कानानं सेट करत होतो म्हणे.

माईक कानाच्या उंचीला, टोक छताकडं, सोफ्याच्या पाठीपासनं वीतभर सुटा. फोटोचा ट्रायपॉड असला तर उत्तम, माईकच्या खाली त्याचा आटा असतो. ऑडिसीत पहिली जागा म्हणजे तुमची रोजची बसायची जागाच पाहिजे, अंतर आणि पातळी तिथनंच ठरते, बाकीच्या सात तिच्या आजूबाजूला दोन फुटात. लांब दिवाणावर कुणीतरी पाहुणा बसतो म्हणून तिथं माईक नेऊ नका, पाहुणा चार महिन्यातनं एकदा येतो.

काही गोष्टी माईकच्या हातातच नाहीत. टीव्हीचा आवाज एआरसीनं (एचडीएमआय वायरीवरनंच) रिसिव्हरला येत असेल तर टीव्हीच्या मेनूत आवाज 'पीसीएम' वर नाही ना बघा, साध्या एआरसीवर पीसीएम म्हणजे फक्त दोन स्पीकरचा आवाज, पाच स्पीकर घेऊन काय उपयोग. 'पास थ्रू' किंवा 'बिटस्ट्रीम' करा. ओठ आणि आवाज जुळत नसले तर लिप सिंक हातानं. 'प्युअर डायरेक्ट' दाबलं की माईकनं केलेली सगळी दुरुस्ती बाजूला पडते, घरात कुणीतरी चुकून ते बटण दाबतंच आणि मग फोन येतो की बास गेला.

आणि संवाद. आपली नाट्यपंढरी सांगली, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच पहिलं मराठी नाटक केलं, इथल्या माणसाला वाक्य ऐकू आलं नाही की तो उठून रिमोट मागतो. मधल्या स्पीकरची पातळी माईकनं जी दिली त्याच्यावर दीड-दोन डेसिबल हातानं चढवा, बिनधास्त. ऑडिसीवाल्यांनी 'डायनॅमिक ईक्यू' चालू ठेवावं, कमी आवाजात बास मरत नाही, फक्त टीव्ही बघताना त्याचा 'रेफरन्स लेव्हल ऑफसेट' १० करा नाहीतर मागचे स्पीकर आणि बास जास्तच अंगावर येतात. ते चालू असताना टोनचं बटण चालत नाही, बिघडलं म्हणून दुकानात नेऊ नका.

तर कुणी काय करायचं. पाच स्पीकर, सब, आणि हॉल टाईल्सचा असेल, घरात आई-वडील-पोरं सगळेच रिमोट वापरणार असतील, तर माईकच, आणि नंतर तीन गोष्टी हातानं: स्मॉल, ८०, मधला स्पीकर चढवायचा. नुसते दोन चांगले स्पीकर, सब नाही, आणि गाणीच ऐकायची, तर मी हाताच्या बाजूनं आहे, टेप-मोबाईल पंधरा मिनिटाचं काम, ईक्यू (माईकनं केलेली फुगवट्या-खड्ड्यांची दुरुस्ती) बंद. रिसिव्हर एकाच जागेवर मोजणारा असेल आणि तुम्ही सोफ्यावर चौघं बसत असाल तर अंतर-पातळी माईककडनं घ्या, ईक्यू चालू-बंद करून ऐका आणि मग ठरवा. ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांना ऑडिसीचं मोबाईल अ‍ॅप आहे, पैसे पडतात, त्यात दुरुस्ती ठराविक फ्रिक्वेन्सीच्या खालीच करायची असं ठरवता येतं, म्हणजे बास माईकचा आणि वरचा आवाज स्पीकरचा. मला तेच सगळ्यात पटलंय, पण माझ्याकडं यामाहा.

काहीही केलंत तरी शेवटी मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कुणीतरी रिसेट मारणारच.

दाजींनी गुरुवारी रात्री केलं. पाचव्या जागेपर्यंत आले आणि लाईट गेली, परत पहिल्यापासनं. शुक्रवारी आठही जागा झाल्या, आणि सकाळी स्क्रीनचा फोटो पाठवला: पुढचे दोन्ही लार्ज. आता येत्या रविवारी मी जातोय, येताना टेप आण म्हणाले. मी म्हटलं टेपचं काही काम नाही, कंदी पेढे आणून ठेवा आणि त्या काचेला पडदा लावा.