ज्ञानमीमांसेत विज्ञान किती आणायचं? प्रबंध आखणाऱ्यांसाठी तुलना

ज्ञानमीमांसेवर (ज्ञान म्हणजे काय आणि ते कशाने ठरतं, हे तपासणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेवर) प्रबंध किंवा दीर्घ लेख लिहायला घेतला की एक निर्णय फार काळ टाळता येत नाही: मानसशास्त्राचे आणि आकलनविज्ञानाचे निष्कर्ष युक्तिवादात घ्यायचे का, आणि घेतले तर कोणत्या कामासाठी? ढोबळमानाने तीन वाटा आहेत: शुद्ध संकल्पना-विश्लेषण, तत्त्वज्ञ क्वाइनचा टोकाचा निसर्गवाद (ज्ञानाचे प्रश्न विज्ञानाच्या आधारे सोडवणं) आणि तत्त्वज्ञ गोल्डमनचा सहकारी निसर्गवाद. प्रायोगिक तत्त्वज्ञान, म्हणजे अशा उदाहरणांवर लोकांची मतं सर्वेक्षणाने मोजणं, ही चौथी वाट म्हणून मांडली जाते. आमच्या मते ती पहिल्या वाटेची झडती आहे, म्हणून तिचा विचार शेवटी करू.

संकल्पना-विश्लेषण

पद्धत साधी आहे. व्याख्या मांडा, प्रतिउदाहरण शोधा, व्याख्या दुरुस्त करा. १९६३ साली तत्त्वज्ञ एडमंड गेटियरने जेमतेम तीन पानांत दाखवून दिलं की धारणा सत्य असेल आणि तिला समर्थनही (म्हणजे ती मानायला पुरेसं कारण) असेल, तरी ते ज्ञान असेलच असं नाही. अशा प्रकारचं उदाहरण आठव्या शतकातल्या बौद्ध तत्त्वज्ञ धर्मोत्तराकडेही सापडतं: आग नुकतीच पेटली आहे, धूर अजून निघालेला नाही, पण वर घोंघावणाऱ्या कीटकांच्या थव्याला धूर समजून दूरचा माणूस ‘तिथे आग आहे’ असं म्हणतो. म्हणणं खरं, पण हे ज्ञान नव्हे. इथे प्रयोगशाळा लागली नाही, आणि लागणारही नव्हती.

संशयवाद्याला (आपल्याला खरोखर काही कळतं का, अशी शंका घेणाऱ्याला) उत्तर द्यायचं असेल तर हीच वाट घ्यावी लागते. इंद्रियांवर विश्वास का ठेवायचा, हाच प्रश्न असताना इंद्रियांनी केलेली निरीक्षणं पुरावा म्हणून मांडली, तर जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं जातं. प्रबंधात संशयवादावरच्या प्रकरणात दृष्टीविषयक प्रयोगांचे दाखले घालणं ही नेहमीची चूक आहे, आणि परीक्षक तिच्यावरच बोट ठेवतो.

या वाटेचा कच्चा दुवा दुसरीकडे आहे. ‘इथे ज्ञान नाही हे उघड आहे’ असं आपण लिहितो. पण ते कोणाला उघड आहे, हे लिहीत नाही.

क्वाइन: जागा मानसशास्त्राला

१९६९च्या निबंधात क्वाइनचा मुद्दा असा होता: इंद्रियानुभवांपासून विज्ञानाची तर्कशुद्ध पुनर्रचना करण्याचे प्रयत्न फसले आहेत. तत्त्वज्ञ कार्नापचा १९२८चा प्रकल्प हा त्यांतला सर्वांत नेटका. मग तुटपुंज्या संवेदनांपासून माणूस जगाविषयीचे एवढे सिद्धान्त प्रत्यक्षात कसे उभारतो, याचाच अभ्यास का करू नये? चक्राकारतेचा, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरल्याचा, आक्षेप त्याला अडवत नाही, कारण विज्ञानाला विज्ञानाबाहेरून पाया देण्याची आशाच त्याने सोडलेली आहे.

तत्त्वज्ञ जेग्वॉन किमचा १९८८चा आक्षेप अजूनही जड आहे: समर्थन ही नियामक (काय मानावं हे सांगणारी) संकल्पना आहे, ती वगळली तर उरतं ते मानसशास्त्र, ज्ञानमीमांसा नव्हे. क्वाइनने पुढे नियमांना अभियांत्रिकीची जागा दिली: सत्य हे उद्दिष्ट धरलं तर त्याकडे नेणारी साधनं कोणती, एवढाच प्रश्न. पण सत्यच उद्दिष्ट का धरायचं, हा प्रश्न अभियांत्रिकी सोडवत नाही. एकट्या क्वाइनवर प्रबंध उभा करू नये, असं आम्हाला वाटतं. ‘मी क्वाइनवादी आहे’ म्हणणारे बरेच जण प्रत्यक्षात तिसऱ्याच वाटेवर असतात.

गोल्डमन: कामाची वाटणी

अॅल्विन गोल्डमनने १९७९ साली मांडलेला विश्वसनीयतावाद काम वाटून देतो. विश्वसनीय प्रक्रियेतून आलेली धारणा समर्थित, हा निकष तत्त्वज्ञान देतं. कोणती प्रक्रिया विश्वसनीय, हे विज्ञान सांगतं. वाटणी ऐकायला सोपी वाटते. ती कुठे अडते, ते एका उदाहरणात पाहू.

एखादा आजार १ टक्का लोकांना आहे. तपासणी आजारी माणसांपैकी ८० टक्के पकडते आणि निरोग्यांपैकी ९.६ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. चाचणी होकारार्थी आली, तर आजार असण्याची शक्यता किती? १९८२मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड एडीच्या लेखानुसार बहुतेक डॉक्टरांचं उत्तर ७५ टक्क्यांच्या आसपास होतं. आता मोजून पाहा: १००० लोकांत १० आजारी, त्यांतले ८ होकारार्थी, ९९० निरोगी, त्यांतले सुमारे ९५ होकारार्थी. म्हणजे १०३ पैकी ८, साधारण ७.८ टक्के. गिगेरेन्झर आणि हॉफ्राग यांनी १९९५ साली दाखवलं की अशी माहिती टक्क्यांऐवजी मोजदादीत (‘१००० पैकी १०’ अशी) दिली की योग्य रीतीने सोडवलेल्या उत्तरांचं प्रमाण १६ वरून ४६ टक्क्यांवर जातं.

आता सांगा, ही प्रक्रिया विश्वसनीय की अविश्वसनीय? ‘शक्यतेचा अंदाज बांधणं’ म्हटलं तर एक उत्तर, ‘मोजदादीवरून अंदाज बांधणं’ म्हटलं तर दुसरं. प्रक्रियेची व्याप्ती कुठे आखायची, हे प्रयोग आपण होऊन ठरवत नाही. कोनी आणि फेल्डमन यांनी १९९८ साली विश्वसनीयतावादाला याच अडचणीवर धरलं. म्हणून प्रयोगाचे आकडे उद्धृत करण्याआधी प्रक्रियेचं वर्णन ठरवा, आणि तेच का, हे दोन ओळींत लिहा. आकडे पाहून वर्णन बेतलं की निष्कर्ष हवा तसा वळतो.

दुसरा खड्डा ‘आहे’वरून थेट ‘असावं’वर उडी मारण्याचा. ‘बहुतेक लोक इथे चुकतात’ यावरून ‘त्यांची धारणा असमर्थित आहे’ असं निघत नाही. मधलं नियामक विधान वेगळं लिहावं लागतं. कच्च्या मसुद्यात तीन ओळी मांडून पाहा: वस्तुस्थिती, नियम, निष्कर्ष. मधली ओळ लिहिता आली नाही, तर तो प्रयोग तुमच्या युक्तिवादात नुसता शोभेला आहे.

हिलरी कॉर्नब्लिथ (२००२) याहून पुढे जातो: ज्ञानाची संकल्पना तपासत बसू नका, प्राण्यांच्या वर्तनात दिसणारी ज्ञान ही नैसर्गिक गोष्टच तपासा. प्राणिवर्तनाच्या अभ्यासाची बैठक नसेल तर इकडे वळू नका.

प्रायोगिक तत्त्वज्ञान

‘कोणाला उघड आहे?’ हा प्रश्न वाइनबर्ग, निकोल्स आणि स्टिच यांनी २००१ साली मोजला. गेटियर-धर्तीच्या एका उदाहरणात ७४ टक्के पाश्चात्त्य विद्यार्थ्यांनी ‘ही नुसती धारणा’ म्हटलं. पूर्व आशियाई गटात ५६ आणि भारतीय उपखंडाच्या गटात ६१ टक्के ‘हे ज्ञान’ म्हणाले. खळबळ उडाली. पण नंतरच्या दोन गटांत प्रत्येकी २३ जणच होते. म्हणजे एका माणसाने उत्तर बदललं तर चार टक्क्यांहून जास्त फरक. पुढच्या पुनर्चाचण्यांत हा फरक टिकला नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह चार देशांतल्या अभ्यासातही बहुतेकांनी गेटियरच्याच बाजूने, म्हणजे ‘हे ज्ञान नव्हे’ असा, कौल दिला.

स्वतः सर्वेक्षण करणार असाल तर हिशोब आधीच मांडा. ५० विरुद्ध ६० टक्के एवढा फरक पाच टक्के सार्थकता-पातळीवर (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता पाच टक्के) आणि ८० टक्के क्षमतेने (फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) पकडायचा, तर प्रत्येक गटात सुमारे ३९० माणसं लागतात. उदाहरण समजलं का, हे तपासणारा प्रश्न ठेवा आणि न समजलेल्यांची उत्तरं गाळण्याचा नियम माहिती गोळा करण्याआधीच लिहून ठेवा.

निवडताना

संशयवाद हा विषय असेल तर पहिली वाट. व्याख्या हा विषय असेल तरी पहिलीच. मात्र ‘सर्वसामान्यांची संकल्पना’ असा दावा करणार असाल तर सर्वेक्षणाचा आधार हवा. माणसांनी धारणा कशा बनवाव्यात, तज्ज्ञांवर किती विसंबावं, असा प्रश्न असेल तर तिसरी, आणि तिच्यासोबत संख्याशास्त्राची प्राथमिक तयारी.

तिसऱ्या वाटेची किंमतही धरून चाला. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा केले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थ होता, पुनर्चाचणीत ३६ टक्क्यांतच. उसना घेतलेला प्रत्येक निष्कर्ष पुन्हा तपासला गेला आहे का ते बघा, आणि तो उद्या पडला तर तुमच्या प्रबंधातली कोणती विधानं पडतील, याची यादी मार्गदर्शकाला पहिल्याच आराखड्यासोबत द्या.