सीएसव्ही, जेसन, जेसन लाइन्स की थेट एसक्यूलाइट?

नोड, पायथन किंवा पीएचपीतल्या छोट्या सर्व्हरला डेटाबेसऐवजी फाईल पुरेल का आणि पुरत असेल तर कोणती, हे ठरवताना बहुतेक जण वाचायला सोपं काय ते बघतात. वाचायला सगळेच सोपे आहेत. खरा प्रश्न लिहिण्याचा: फाईलमध्ये कोण लिहिणार, किती वेळा, आणि लिहिता लिहिता प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) मेली तर मागे काय उरणार.

सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल) घ्यावी ती पुढचा माणूस फाईल एक्सेलमध्ये उघडणार असेल तर. हिशेबनिसाला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींना दुसरं काही पाठवून उपयोग नाही. फक्त ती हाताने पार्स करू नका, म्हणजे ओळीचे कॉलम पाडणारा कोड स्वतः लिहू नका. ही ओळ बघा:

१०१,"फ्लॅट ४, ""शिवनेरी"", कोथरूड",००४५

कॉलम तीन आहेत, पण नुसत्या स्वल्पविरामावर तोडली तर तुकडे पाच होतात. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असलेला मजकूर अवतरणात ठेवायचा आणि आतलं अवतरण दोनदा लिहायचं, हा नियम २००५ च्या आरएफसी ४१८० या इंटरनेट दस्तऐवजात आहे. म्हणजे एकाच पत्त्याच्या आत एंटरही असू शकतो, त्यामुळे ओळीओळीने वाचणंही चुकीचंच. भाषेसोबत येणारी किंवा प्रचलित लायब्ररी वापरा. पायथनमध्ये फाईल उघडताना न्यूलाइन रिकामी स्ट्रिंग द्यायला विसरलात, तर विंडोजवर प्रत्येक रोनंतर एक रिकामी ओळ दिसते.

मराठी मजकुराची अडचण वेगळी. साधी यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची प्रचलित पद्धत) फाईल विंडोजवरच्या एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली की अनेकदा अक्षरांचा कचरा दिसतो. सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे फाईल यूटीएफ-८ आहे हे सांगणाऱ्या खुणेचे, तीन बाइट घातले की सुटतं. पायथनमध्ये त्यासाठी यूटीएफ-८-सिग एन्कोडिंग आहे. तीच फाईल परत आल्यावर मात्र बीओएम पहिल्या कॉलमच्या नावाला अदृश्यपणे चिकटतो आणि कोडला ‘आयडी’ कॉलम सापडतच नाही. वाचतानाही यूटीएफ-८-सिगच द्या, बीओएम नसला तरी ते चालतं.

एक्सेलने उघडून सेव्ह केलेल्या फाईलवर भरवसा ठेवू नये. ००४५ चे ४५ होतात आणि एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक असल्याने १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. म्हणून सीएसव्ही बाहेर पाठवण्यासाठी ठीक, परत घेताना प्रत्येक कॉलम तपासून घ्यायचा.

जेसनमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्यांत डेटा लिहायचा फॉरमॅट) "००४५" स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणूनच राहते आणि ऑर्डरच्या आत वस्तूंची यादी ठेवता येते. सेटिंग्ज आणि काही एमबींपर्यंतचा, क्वचित बदलणारा डेटा यासाठी हाच घ्या. तारखेचा प्रकार नाही, ती ठरलेल्या फॉरमॅटची स्ट्रिंग म्हणून लिहावी लागते. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक अचूक राहतील याची खात्री नाही, तेव्हा मोठे आयडीही स्ट्रिंगच. पायथन आणि पीएचपी प्रत्येक देवनागरी अक्षर डीफॉल्टने एस्केप करून, म्हणजे अक्षराऐवजी त्याचा सांकेतिक क्रमांक लिहितात: तीन बाइटांच्या जागी सहा, आणि डोळ्यांनी काही वाचता येत नाही. दोन्हीकडे हे बंद करायचा पर्याय आहे.

जेसनची खरी खोट अशी की एक नोंद वाढवायची तरी अख्खी फाईल पुन्हा लिहावी लागते. नेहमीच्या पद्धतीने लिहायला उघडताक्षणी जुनी फाईल रिकामी होते, आणि नेमका तेव्हा सर्व्हर रीस्टार्ट झाला तर जुनंही गेलं, नवंही गेलं. उपाय ठरलेला आहे: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाईल लिहा, एफसिंक करा (डेटा खरोखर डिस्कवर उतरवायची कमांड), मग जुन्या फाईलच्या नावाने रीनेम करा. फोल्डर तोच हवा, कारण टेम्प फोल्डर दुसऱ्या पार्टिशनवर असेल तर नोड आणि पायथनमध्ये रीनेम एररच देतं.

एवढं करूनही दोन रिक्वेस्ट एकदम आल्या, दोघींनी १० नोंदी वाचल्या आणि एकेक वाढवली, तर फाईलमध्ये १२ ऐवजी ११ उरतात. रीनेम यावर औषध नाही, लॉक हवं, म्हणजे एकाचं वाचून लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं कुलूप. एकाहून जास्त प्रोसेस चालवत असाल तर कोडमधली, एकेक रिक्वेस्ट क्रमाने लिहू देणारी रांगही निरुपयोगी, कारण प्रत्येक प्रोसेसची रांग वेगळी.

नोंदी फक्त वाढतच जाणार असतील, म्हणजे लॉग, वेबहूक (दुसऱ्या सेवेने आपल्या सर्व्हरला पाठवलेल्या सूचना), पेमेंटच्या घटना, तर जेसन लाइन्स. ओळीला एक ऑब्जेक्ट, लिहिताना फक्त शेवटी जोड. मजकुरातला एंटर एस्केप होऊन जातो, त्यामुळे इथे ओळीओळीने वाचणं सुरक्षित आहे आणि मोठी फाईलही मेमरीत एका ओळीपुरतीच येते. प्रोसेस मध्येच मेली तर सहसा शेवटची ओळच अर्धवट राहते. पुन्हा सुरू होताना शेवटचा बाइट तपासा. तो नव्या ओळीचा नसेल तर आधी नवी ओळ टाका, नाहीतर पुढची चांगली नोंद त्या तुटक्या ओळीला चिकटून वाया जाते.

एक्सएमएल (टॅगमध्ये डेटा लिहायचा फॉरमॅट) समोरच्याने मागितलं तरच, उदाहरणार्थ टॅलीत इम्पोर्ट करायला. बाहेरून आलेलं एक्सएमएल वाचताना एक्स्टर्नल एंटिटी, म्हणजे त्यातून बाहेरच्या फाईली ओढून आणायची सोय, बंद ठेवा.

आधीच्या नोंदी बदलायच्या, शोधायच्या किंवा दोन प्रोसेसमधून लिहायच्या असतील, तर फाईल फॉरमॅटची तुलना थांबवून एसक्यूलाइट (वेगळा सर्व्हर न लागणारा छोटा डेटाबेस) घ्या. तीही एक फाईलच आहे आणि पायथनमध्ये तिचं मॉड्यूल सहसा सोबतच येतं. एका वेळी एकच लिहू शकतो, म्हणून बिझी टाइमआउट (दुसऱ्याचं लिहून होईपर्यंत थांबायची मुदत) पाच सेकंद तरी द्या, नाहीतर ‘डेटाबेस लॉक्ड’ ही एरर येत राहील. नेटवर्क ड्राइव्हवर ठेवू नका. डब्ल्यूएएल मोड (नवे बदल आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहायची पद्धत) चालू असेल तर चालत्या सर्व्हरवर नुसती मुख्य फाईल कॉपी करून बॅकअप होत नाही, ताज्या नोंदी शेजारच्या डब्ल्यूएएल फाईलमध्ये असू शकतात. बॅकअपची कमांडच वापरा. हिशेबनिसाची सीएसव्ही महिन्याच्या शेवटी यातूनच काढता येते.